सई, इशिगाकीला यायचंय ना, मग हे आधी वाच

प्रिय सई,

काल फोनवर म्हणालीस ना, बाबा तुमचं काय, रोज समुद्र, रोज सनसेट, मी पण नोकरी सोडून कॅमेरा घेऊन येते तिकडे, जपानच्या त्या बेटावर. तेव्हा हसलो, पण रात्री डोक्यातून जाईना. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

आत्ता फेब्रुवारी आहे आणि गेले नऊ दिवस धड ऊन नाहीये. खरंच. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की ढग हलतच नाहीत, थंडी म्हणशील तर काही नाही, १८-१९ डिग्री, पण लोक ब्रोशरमधलं निळंशार पाणी बघून आलेले असतात आणि मी त्यांना राखाडी समुद्रापुढे उभं करतो. परवा ओसाकाचं एक जोडपं आलं होतं. (इथे बरीच जोडपी समारंभ न करता नुसते लग्नाचे फोटो काढायला येतात, आपलं निम्मं घर त्यावर चालतं.) मी भरती बघूनच वेळ दिली होती, पण त्यांचं विमान लेट, आम्ही पोचेपर्यंत पाणी पार रीफपर्यंत, म्हणजे प्रवाळाच्या कड्यापर्यंत, मागे गेलेलं आणि खडकांवर हिरवीगार आसा. आसा म्हणजे एक शेवाळ, इथल्या बायका ती खरवडून नेतात, सूपमध्ये घालतात. नवरीच्या पांढऱ्या गाऊनला खाली वीतभर हिरवी किनार लागली, काठपदराची साडीच म्हण ना! माझे हातपाय गार, आणि ती पोट धरून हसतेय. तोच फोटो त्यांनी मोठा करून मागितला. पण दरवेळी असं होत नाही, दोनदा पैसे परत दिलेत मी.

आणि दमट हवा. पहिल्याच पावसाळ्यात बॅग बंद करून दोन आठवडे कोपऱ्यात ठेवली, उघडली तर ७०-२०० लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. दापोलीत वाढलेल्या माणसाला एवढं कळू नये? तुझ्या आईने अजून ऐकवायचं सोडलेलं नाही. आता ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घेतलंय, आर्द्रतेचा काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या मध्ये आहे ना हे मी देवाला दिवा लावल्यासारखं रोज संध्याकाळी बघतो.

वादळात विमानंच बंद, मग बुकिंग कसलं. ऑगस्ट २०१५ मध्ये इथे वाऱ्याचा झोत सेकंदाला ७१ मीटर मोजला होता, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. शेजारची ओबा, म्हणजे आजी गं, अजून वारा सुटला की आधी माझ्या खिडक्या बघून जाते.

बरं, सगळं रडगाणंच नाहीये. इथलं रात्रीचं आकाश २०१८ पासून डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं आकाश, म्हणून जाहीर आहे, टोकियोची माणसं त्रिशंकू, म्हणजे सदर्न क्रॉस हा तारकासमूह, बघायला येतात. तो इथे क्षितिजाच्या जेमतेम दोन-तीन बोटं वर येतो, एखाद्या बोटीचा दिवा आडवा आला की खलास. गंमत म्हणजे आपल्या दापोलीच्या किनाऱ्यावरून तो याहून वर दिसतो आणि तिथे मी कधी मान वर केली नव्हती.

अजून एक. मियारा गावात उन्हाळ्यात अकामाता-कुरोमाताचा उत्सव असतो, तिथे फोटो, रेकॉर्डिंग सगळ्याला सक्त बंदी. पहिल्यांदा गेलो तेव्हा हातांचं करायचं काय तेच कळेना, सारखा गळ्यापाशी हात जायचा. काय बघितलं ते इथे लिहीत नाही, तेही बरं दिसत नाही.

तर नोकरी सोडू नकोस एवढ्यात, आठ दिवस रजा काढ. एप्रिलमध्ये ये. तेव्हा बान्ना डोंगरापाशी काजवे असतात, आपल्या भंडारदऱ्यासारखे रात्रभर नाही, अंधार पडला की साधारण अर्धा तास आणि मग कुणी बटण बंद केल्यासारखं बंद. त्या अर्ध्या तासात ट्रायपॉड तू धरायचा. गमबूट आण, गवतात हाबू असतो, विषारी साप आहे तो. आणि आजीकडून गोडा मसाला, अर्धा किलो तरी.

तुझा,
बाबा