थांबवायचं बटण तरी द्या

संपादकसाहेब, नमस्कार,

विसर्जन मिरवणुकीतल्या डीजे आणि लेझरवर तुमच्याकडे दरवर्षी ढीगभर पत्रं येत असतील, पण खिशातल्या डीजेबद्दल कुणी लिहित नाही म्हणून मी लिहितेय. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. घरचं लाईट बिल फोनवरून तोच भरायचा, ते त्याचं आवडतं काम. मागच्या महिन्यात त्या अ‍ॅपवाल्यांना काय सुचलं देव जाणे, पैसे गेले की स्क्रीनभर रंगीत कपटे उडतात, नाण्यांचा खणखणाट होतो आणि वर ते स्क्रॅच कार्ड थरथरत बसतं. पोराने फोन गादीखाली सारला, वर उशी ठेवली आणि कान दाबून बाल्कनीत जाऊन बसला. बिल भरलं का नाही ते मी रात्री एसएमएस बघून शोधलं.

लोक म्हणतात होईल हो सवय. नाही होत. आपल्याला जो नुसता आवाज वाटतो तो त्याच्या अंगावर येतो, मला स्वतःला अर्धशिशी आहे म्हणून त्यातलं थोडंफार कळतं.

बरं, उपाय काही फार अवघड नाहीये. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅनिमेशन बंद करायची सोय असते, ती आम्ही केलीय, पण अ‍ॅपने ती मानली तर ना! वेबसाईटसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात २००८ पासून लिहिलंय की आपोआप सुरू झालेला आवाज ३ सेकंदांच्या वर चालणार असेल तर तो बंद करता आला पाहिजे, मजकुराशेजारी आपोआप काही ५ सेकंदांपेक्षा जास्त हलत असेल तर तेही थांबवता आलं पाहिजे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ऑफिसला रॅम्प नसला की फोटो छापून येतो, याचा फोटो कसा काढणार?

आता राग मानू नका, पण हे पत्र पाठवायला ईमेल शोधत होते म्हणून तुमचीच वेबसाईट उघडली तर कोपऱ्यातून कसलातरी व्हिडिओ आपणहून बोंबलायला लागला, बंद करायची फुली मुगाएवढी, ती सापडेपर्यंत आतल्या खोलीचं दार धाडकन लागलं होतं. ती फुली जरा मोठी करता का?

एक आई, कर्वेनगर, पुणे