एकाच गाण्याची माणसे

सांगली,
दि. १२ ऑगस्ट

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मागच्या आठवड्यात पोचले. घरची सगळी खुशाली वाचून बरे वाटले, पण शेवटच्या परिच्छेदातले तुझे एक वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. चाळीस-चाळीस वर्षे सातत्याने गाणारे थोर गायक सोडून मी या वयातही, ज्यांचे एकच गाणे गाजले त्या ‘एका गाण्याच्या माणसां’मध्ये रमतो, याचे तुला नवल वाटते. त्यांचे यश म्हणजे लागलेली लॉटरी, आणि लॉटरी लागलेल्या माणसाला कोणी कर्तबगार म्हणत नाही, असे तू लिहिले आहेस. हे मला मुळीच पटलेले नाही, आणि तसे दोन ओळींत कळवून मोकळे होण्याइतका हा विषय माझ्या दृष्टीने किरकोळ नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

परवा माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा तिच्यात आपली ती कॅसेट सापडली. १९८६ साली गावभागातल्या दुकानातून आपण दोघांनी पैसे जमवून भरून घेतलेली, साठ मिनिटांची. दुकानदार वहीतली यादी पुढे सरकवायचा, आपण हव्या त्या गाण्यांवर खुणा करायच्या, कोरी कॅसेट त्याच्या हवाली करायची आणि तीन-चार दिवसांनी भरलेली घेऊन यायची, हे तुला आठवत असेलच. आतल्या कार्डावर त्याने निळ्या शाईत, देवनागरीत गाण्यांची नावे लिहिली आहेत. गायकांची नावे मात्र नाहीत, कारण त्या कार्डावर तेवढी जागाच नसते. आज विचार करताना वाटते, की आपल्या त्या कॅसेटवर सगळेच गायक एका गाण्याचे होते. कोणाच्या नावावर वीस रेकॉर्डी आहेत आणि कोणाच्या नावावर एकच, हे कळायला आपल्याला काही मार्गच नव्हता. जे गाणे आवडले ते आपण पुन्हा मागे नेऊन ऐकले, एवढाच आपला निवाडा होता आणि तो निवाडा मला अजूनही प्रामाणिक वाटतो.

‘ए’ बाजूच्या चौथ्या ओळीत ‘सुकियाकी – जपानी’ असे लिहिले आहे. सुकियाकी हे त्या गाण्यातल्या मुलीचे नाव असावे, असे आपण कित्येक वर्षे धरून चाललो होतो. ते जपानमधल्या एका पदार्थाचे नाव आहे, मांसाचे पातळ काप आणि भाज्या एकाच भांड्यात शिजवून केलेल्या, आणि गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे मला फार उशिरा कळले. गाण्याच्या मूळ जपानी नावाचा अर्थ साधारण ‘वर पाहत चालू या’ असा होतो. गाणारा माणूस रात्री एकटा रस्त्याने चालला आहे. डोळ्यांतले पाणी ओघळू नये म्हणून त्याने मान वर केली आहे, आणि त्या पाण्यातून पुसट दिसणारे तारे तो मोजतो आहे. रोकुसुके एई हे त्याचे गीतकार. जपान आणि अमेरिका यांच्यातील सुरक्षा कराराविरुद्ध १९६० साली जपानमध्ये मोठी आंदोलने झाली आणि तरीही करार झालाच. त्या निदर्शनांतून घरी परतताना मनात जी हार होती, तिच्यातून हे शब्द आले. त्यांत राजकारणाचा मात्र एकही शब्द नाही. हाचिदाई नाकामुरा यांनी त्याला चाल दिली आणि १९६१ मध्ये क्यू साकामोतो या एकोणीस वर्षांच्या मुलाने ते गायले.

पुढचा प्रवास तर नवलाचाच आहे. इंग्लंडमध्ये केनी बॉल या जॅझ वादकाने ही धून वाजवली, तेव्हा मूळ नाव इंग्रजांच्या जिभेवर बसणार नाही म्हणून तिला त्या पदार्थाचे नाव देण्यात आले. अमेरिकेत मूळ जपानी रेकॉर्ड निघाली तीही त्याच नावाने. जून १९६३ मध्ये ते गाणे अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि तीन आठवडे तिथे राहिले. ज्या देशाशी केलेल्या करारामुळे त्या गीतकाराचे मन खचले होते, त्याच देशातले लोक एका अक्षराचाही अर्थ न कळता त्याच्या शब्दांवर जीव टाकत होते, आणि दुसरे महायुद्ध संपून तेव्हा अठराच वर्षे झाली होती. जपानी भाषेतले दुसरे कोणतेही गाणे त्या जागेवर आजवर पोचलेले नाही.

त्या अमेरिकन श्रोत्यांनी नेमके काय ऐकले असेल, हे पाहण्यासाठी मी काल पेटी काढून बसलो. पहिल्या ओळीचे सूर लावून पाहा : सा, रे, ग, खालचे ध आणि प. मध्यम नाही, निषाद नाही. म्हणजे आपण ज्याला भूप म्हणतो त्याच पाच सुरांवर ती ओळ उभी आहे, आणि ती परकी का वाटली नाही, याचे निदान माझ्यापुरते तरी उत्तर मला त्या पेटीवर मिळाले. पुढे सुखाची ओळ येते तेव्हा चाल मोकळी होते आणि दुःखाची येते तेव्हा सूर कोमलाकडे झुकतात. मग शब्द थांबतात आणि तो मुलगा नुसती शीळ घालू लागतो. रडू आवरणाऱ्या माणसाला बोलता येत नाही, त्याला फार तर शीळ घालता येते, असे मी ते ऐकतो. या शिळेच्या जागी ‘मागे घे, मागे घे’ म्हणून तू माझ्यामागे लकडा लावायचास, हे विसरला नसशील. आपल्या कॅसेटची फीत नेमकी तिथेच सर्वांत जास्त झिजली आहे, आणि आता तिथे आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो.

साकामोतोचे यानंतरचे गाणे अमेरिकेच्या यादीत ५८ व्या क्रमांकावर थांबले आणि तिथल्या हिशेबात तो एका गाण्याचा गायक ठरला. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र तो लोकांचा लाडका गायक होता, नट होता, दूरचित्रवाणीवरचा सूत्रधार होता. म्हणजे ज्याला तू लॉटरी म्हणतोस त्याची मोजदाद कोण करतो आणि कुठे बसून करतो, हे आधी पाहावे लागते. हजारो मैलांवरच्या एका यादीत त्याची एकच नोंद उरली, ती त्या यादीची नजर अपुरी होती म्हणून.

आता लॉटरीचेच बोलायचे तर १९९६ चे ते स्पॅनिश गाणे घे, ज्यावर गॅदरिंगपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळ्यांनी हात पुढे करून, डोक्यामागे नेऊन, कमरेवर ठेवून नाच केला. ‘माकारेना’ अमेरिकेत सलग चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ते गाणारे लॉस देल रिओ हे दोघे मित्र सेव्हिलजवळच्या दोस एर्मानास गावचे, आणि १९६२ पासून एकत्र गाणारे. मायामीतल्या काही तरुणांनी त्यांच्या मूळ गाण्यावर नवा ठेका चढवला आणि जगाला वाटले, की हे दोन प्रौढ गृहस्थ काल रात्री आकाशातून पडले. या गाण्याचा मला विशेष लळा नाही, हे प्रांजळपणे सांगतो, कारण तो नाच वजा केला तर मागे फार थोडे उरते. पण तीसहून अधिक वर्षे लोकांच्या आनंदाच्या प्रसंगी गात राहिलेल्या माणसांच्या दाराशी यश आले, तर त्याला लॉटरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लॉटरीचे तिकीट पाच मिनिटांत काढता येते.

तू म्हणशील, मग हीच माणसे पुन्हा तसे का करू शकली नाहीत? माझ्या मते हा प्रश्न उलट्या बाजूने विचारायला हवा. एखादे गाणे लाखो लोकांच्या तोंडी बसायला शब्द, चाल, आवाज, वाद्यमेळ आणि त्या काळातल्या लोकांच्या मनाची अवस्था, हे सगळे एकाच वेळी जुळून यावे लागते. झेगर आणि एव्हान्स या नेब्रास्कातल्या दोघांचे गाणे बघ. सन २५२५ पासून सुरुवात करून हजार-हजार वर्षांच्या ढांगा टाकत ते माणसाच्या भविष्याचे भेसूर चित्र काढते. १९६९ च्या जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर हेच गाणे होते आणि ते सहा आठवडे तिथे राहिले. यंत्राने गाठलेल्या उंचीचा अभिमान आणि त्याच यंत्राचे भय लोकांच्या मनात एकदमच दाटून आले असताना ते गाणे नेमके त्यांच्या कानी पडले. त्या जोडीचे दुसरे एकही गाणे त्या यादीच्या शंभर जागांत कधी आले नाही. तो जुलै पुन्हा आला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मोठ्या गायकाचे गाणे ऐकताना मला त्या गायकाला बाजूला ठेवता येत नाही. आवाज सुरू होताच त्याची बाकीची गाणी, त्याच्याविषयी वाचलेले सगळे, त्याच्याविषयीचा आपला आदर, हे सारे ऐकण्यात मिसळते, आणि एखादे गाणे सामान्य असले तरी त्या आदरापोटी आपण ते चालवून घेतो. एका गाण्याच्या गायकाला ही सवलत नाही. त्याच्या पाठीशी कोणी उभे नसते आणि त्याचे गाणे स्वतःच्या बळावर आपल्यापर्यंत येते. आजही रिक्षात किंवा हॉटेलात असे एखादे गाणे अचानक लागले की मी हातातले काम सोडून ऐकतो, कारण त्या आवाजाची आणि माझी गाठ तेवढ्या साडेतीन मिनिटांपुरतीच पडणार असते. त्या मिनिटांत मी माझे आयुष्य निर्वेधपणे ओतू शकतो. ‘सुकियाकी’ ऐकताना मला टोकियो दिसत नाही. कॉलेज सुटल्यावर आयर्विन पुलाच्या कठड्याशी सायकली टेकवून आपण कृष्णेचे पाणी बघत उभे राहायचो, ती संध्याकाळ दिसते.

या माणसांच्या वाट्याला आलेले दुःख मला दिसत नाही असे समजू नकोस. पुढची तीस वर्षे प्रत्येक मंचावर लोकांनी तेच एक गाणे मागावे, नवे काही सुरू केले की श्रोत्यांनी चुळबुळ करावी, याची कल्पना केली तरी वाईट वाटते. पण सगळ्यांचेच असे होत नाही. रेडिओच्या जमान्यातल्या गायकाचा चित्रफितीने बळी घेतला अशा आशयाचे गाणे करणारी बगल्स ही इंग्लंडमधली जोडी तुला माहीत असेल. १९७९ मध्ये ते गाणे तिथे पहिल्या क्रमांकावर गेले, आणि १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ‘एमटीव्ही’ सुरू झाली ती त्याच गाण्याच्या चित्रफितीने. तसे यश त्या जोडीला पुन्हा मिळाले नाही. पण त्यातला ट्रेव्हर हॉर्न पुढे ध्वनिमुद्रणाचा इतका मोठा निर्माता झाला, की ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांच्या आवाजावर त्याच्या हाताचा ठसा आहे. आपल्याकडे १९९८ मध्ये ‘सिल्क रूट’ या वाद्यवृंदाचे ‘डूबा डूबा’ घरोघरी वाजले. त्या वृंदाचे दुसरे गाणे विचारले तर बहुतेकांना सांगता यायचे नाही, पण त्यात गाणारा मोहित चौहान पुढे हिंदी चित्रपटांतला केवढा मोठा पार्श्वगायक झाला, हे तुझ्या मुलीला विचारलेस तर तीही सांगेल.

आजची तारीख मी वर मुद्दाम नीट लिहिली आहे. १९८५ साली याच दिवशी टोकियोहून ओसाकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे विमान डोंगरावर कोसळले आणि ५२० माणसे गेली. त्यांत क्यू साकामोतो होता. त्याचे वय त्रेचाळीस. आपण ती कॅसेट भरून घेतली, तेव्हा त्याला जाऊन वर्षही उलटले नसेल, आणि आपण सुकियाकी नावाच्या मुलीबद्दल तर्क लढवत होतो. २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर जपानमधल्या लोकांनी एकमेकांना धीर देण्यासाठी हेच गाणे पुन्हा गायले, असे वाचले तेव्हा मला दुकानदाराच्या अक्षरातली ती ओळ आठवली.

आता एक काम तुझ्याकडे आहे. ‘बी’ बाजूचे शेवटचे गाणे मध्येच तुटते, कारण दुकानदाराने ते भरताना फीत संपली. कार्डावरची ती ओळ ओल लागून पुसली गेली आहे. ‘डो’ की ‘डे’ एवढेच कसेबसे वाचता येते. बाई गाते आहे, मागे माउथ ऑर्गन आहे, आणि दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर सगळे थांबते. ते गाणे अखेरपर्यंत मी आजवर ऐकलेले नाही. त्या यादीवरची ती खूण तू केली होतीस, तेव्हा नाव तुला आठवण्याचा संभव आहे. गणपतीला येशील तेव्हा कॅसेट काढून ठेवतो; टेप अजून चालतो, फक्त झाकण बोटाने दाबून धरावे लागते.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
अरुण