तुम्ही त्या रकान्यात ‘शिवणकाम’ लिहिलंत

हवालदारसाहेब, नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं काल कळलं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून चार ओळी लिहिते.

सोलापूरच्या आसपासच्या तांड्यांवर वाढलेल्या कुणालाही विचारा, हातभट्टीवरची धाड म्हणजे काय. बॅरल पालथे घालायचे, दारूचं रसायन मातीत ओतायचं, दारूबंदी कायद्याच्या पासष्ट कलमाची केस करायची आणि जीप निघाली. चार दिवसांनी गूळ-नवसागर पुन्हा उधारीवर आणायचा, कारण आधीची उधारी फेडायला दुसरं काही येतच नव्हतं. एकदा आलेल्यांनी भट्टीबरोबर चुलीवरची डाळही लाथाडली. त्या रात्री लेकरं उपाशी झोपली. आम्ही करत होतो तो गुन्हाच होता. त्या दारूनं कितीजणींचे संसार बुडाले, मला माहीत आहे. पण त्या डाळीचा राग अजून गेलेला नाही. मतं मागायला येणाऱ्यांनी तर कधी विचारलंही नाही की भट्टी बंद केली तर खाणार काय.

2021 मध्ये तेजस्वी सातपुते मॅडम सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या एसपी असताना, हातभट्टी सोडवून दुसऱ्या कामाला लावणारं ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू झालं. अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतलं. धाडी चालूच होत्या, पण धाडीनंतर माणसं परत यायला लागली, बसून बोलायला लागली. आमच्याकडे तुम्ही आलात.

तुम्ही घरोघरी नावं लिहून घेत होता. माझं नाव, वय, मुलं किती, सगळं झालं. मग ‘व्यवसाय’ आला आणि तुमचं पेन थांबलं. मी मान खाली घातली. सासूबाई दारातून आत गेल्या. तुम्ही विचारलंत, “ताई, काय करायला आवडेल?” माझ्या तोंडून कसंबसं निघालं, शिवणकाम. तोवर मी फाटक्या गोधडीला टाके घालण्यापलीकडे काही शिवलं नव्हतं. तुम्ही मात्र सावकाश, ठळक अक्षरात ‘शिवणकाम’ लिहिलंत आणि कागद माझ्याकडे फिरवून दाखवलात. साहेब, तोवर सरकारी कागदावर माझ्या नावापुढे फक्त कलम लागलं होतं.

पुढचे हेलपाटे, अर्ज, शिकणं यांचं काही सांगत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. कायदा राखणारे पुष्कळ असतात. तो राखताना समोरच्या बाईची अब्रूही राखणारा माणूस मी तुमच्या रूपानं पाहिला. तुमच्या घरच्यांनाही माझा नमस्कार सांगा, असं वळण घरातूनच येतं.

पूर्वी माझ्या लेकीच्या शाळेच्या शर्टाला रसायनाचा आंबूस वास यायचा, कितीही धुतला तरी. बाकावर शेजारी कुणी बसत नाही म्हणून ती रडत यायची. आता मी सोलापुरातल्या एका कारखान्यासाठी गणवेश शिवते. यंदाचा तिचा शर्ट मीच शिवलाय. कॉलर जरा तिरकी बसली होती, ती उसवून पुन्हा लावली.

तुमची,
तांड्यावरची ताई