जुलाबावर अँटिबायोटिक कशाला?

महोदय,

पावसाळा आला की गॅस्ट्रोच्या साथीच्या बातम्या आपल्या अंकात येतात. फुटलेली जलवाहिनी, टँकर, दाखल रुग्ण, सगळं असतं. पण जुलाब लागलेला माणूस दवाखान्याच्या आधी मेडिकलमध्ये जातो, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. तिथे चिठ्ठी न मागता ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल ही दोन जंतुनाशक औषधं एकत्र असलेली गोळी सर्रास मिळते. अशी मिश्रणं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चर पाहतो, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जंतू वाढवून कोणतं औषध त्यांना मारतं ते तपासतो. जुलाबावर उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकला आतड्यातले जंतू दाद देईनासे होतात, ते तिथे दिसतं. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय, म्हणजे मूळचा आतड्यातलाच जंतू. प्लेटवर तो पसरवून वर औषधाच्या बारीक चकत्या ठेवतात. औषध लागू पडणार असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. आता सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेफिक्झिम यांच्या चकतीला जंतू थेट भिडलेले दिसतात, तेही रोज. साध्या गोळीने बरी होणाऱ्या बाईला मग शिरेतून औषध द्यावं लागतं. तिने स्वतः कधी भरमसाट औषधं घेतलेली असतातच असं नाही. जंतू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात, आणि मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की ती घरोघर पोचतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीत नळाच्या पाण्याच्या 50 पैकी 2 आणि साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत एनडीएम-1 हे असंच प्रतिकाराचं जनुक सापडलं होतं. नेदरलँड्सच्या प्रवाशांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. जाताना सेफिक्झिमसारख्या औषधांना दाद न देणारे जंतू आतड्यात नसलेल्या, दक्षिण आशियात फिरून आलेल्या दर चार जणांपैकी तिघांच्या आतड्यात परतताना ते होते. प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांना धोका आणखी जास्त. ही धडधाकट माणसं चार दिवस येऊन गेलेली. आपण तर इथेच राहतो.

बहुतेक जुलाब आपोआप थांबतात. जीव जातो तो शरीरातलं पाणी आणि क्षार कमी झाल्याने. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने, म्हणजे ओआरएसने, असंख्य जीव वाचवले. लहान मुलांना ओआरएसबरोबर 14 दिवस झिंक द्यायचं असतं. शौचातून रक्त पडत असेल किंवा कॉलऱ्याची शंका असेल तर मात्र डॉक्टरच हवा.

रोजंदारीवरच्या माणसाला ओपीडीच्या रांगेत दिवस घालवणं परवडत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. सेफिक्झिमसारखी औषधं विकताना डॉक्टर आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवायचा नियम 1 मार्च 2014 पासून आहे. ती रजिस्टरं तपासतं कोण? केरळने 2024 मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर मोहीम उघडून छापे घातले. आपल्या अन्न व औषध प्रशासनानेही या पावसाळ्यात तेच करावं, आणि आरोग्य विभागाने आशाताईंकडची ओआरएसची पाकिटं व झिंकच्या गोळ्या संपू देऊ नयेत.

आपल्यालाही विनंती आहे: गॅस्ट्रोच्या प्रत्येक बातमीखाली ओआरएस कसं बनवायचं आणि डॉक्टरांकडे कधी धावायचं, एवढी चौकट छापावी.

— एक लॅब तंत्रज्ञ, सातारा