मित्रास पत्र : राखीव बाकावरचा गोन

हमामात्सु, जपान

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. यंदा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळायचे सोडून तुला प्रेक्षकांत बसावे लागले आणि ते बसणे गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा अधिक ठणकले, असे तू लिहिले आहेस. ते वाचताना मला मासाशी नाकायामा आठवला. इथून तेनर्यू नदी ओलांडली की इवाता लागते. तिथल्या ज्युबिलो या फुटबॉल संघाचा हा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू. सगळा जपान त्याला ‘गोन’ म्हणतो.

त्सुकुबा विद्यापीठातून तो १९९० साली यामाहाच्या संघात आला. तोच संघ पुढे ज्युबिलो झाला. पायात फार जादू नव्हती. नानामीसारख्या कलावंताने चेंडू द्यायचा आणि याने बचावपटूंच्या गर्दीत अंग झोकून तो कपाळ, मांडी, जे पुढे येईल त्याने आत ढकलायचा. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघात अशा खेळाडूला ‘धसमुसळा’ म्हणत आणि पुढच्या सामन्यात त्यालाच आधी उतरवत!

२८ ऑक्टोबर १९९३ रोजी दोहात इराकला हरवले असते, तर जपान प्रथमच विश्वचषकात गेला असता. ६९व्या मिनिटाला नाकायामाने २-१ अशी आघाडी मिळवून दिली आणि काही वेळाने प्रशिक्षकांनी त्याला बाहेर घेतले. भरपाईच्या वेळेत इराकने छोटा कॉर्नर घेतला, उंच आलेला चेंडू ओमरानच्या डोक्याला लागून जाळ्यात गेला, आणि बाकाजवळ उभा असलेला नाकायामा कोसळला. माझा एक सहकारी तेव्हा शाळकरी होता. ती दृश्ये लागली की तो आजही वाहिनी बदलतो.

त्यानंतर दुखापतींमुळे तो बराच काळ राष्ट्रीय संघाबाहेर राहिला. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये, पात्रता फेरी हातची जाते की काय अशा वेळी, त्याला परत बोलावले. मलेशियातल्या जोहोर बाहरूला इराणविरुद्ध पहिला गोल त्यानेच केला. पण ६३व्या मिनिटाला त्याला आणि काझुयोशी मिउराला एकदमच बाहेर काढले. जादा वेळेत ओकानोने सुवर्णगोल (होताच सामना संपवणारा गोल) करून जपानला विश्वचषकात नेले, तेव्हाही गोन बाहेरच होता. म्हणजे देश रडला तेव्हा हा बाकावर आणि देश नाचला तेव्हाही बाकावर, गोल मात्र दोन्ही वेळा याच्या नावावर. तुझ्या ठणक्याला इतकी चोख सोबत मला दुसरी सापडली नाही.

१९९८चे वर्ष त्याचे होते. त्या एप्रिलमध्ये जपानच्या लीगमधल्या लागोपाठ चार सामन्यांत त्याने पाच, चार, चार आणि तीन गोल केले. हंगामअखेर २७ सामन्यांत ३६. दोन वर्षांनी ब्रुनेईविरुद्ध त्याने ३ मिनिटे १५ सेकंदांत हॅटट्रिक केली, पण ब्रुनेईविरुद्धच्या गोलांचे मला फारसे अप्रूप नाही.

अप्रूप आहे ते २६ जून १९९८चे. त्या संध्याकाळी आपण सगळे तुमच्या माडीवर विश्वचषकातला अर्जेंटिना-क्रोएशिया सामना पाहत होतो, तुला आठवत असेल. त्याच वेळी फ्रान्समधल्या लियोंमध्ये जपान जमैकाकडून ०-२ असा मागे होता, आणि कोल्हापुरात ते कोणाच्या गावीही नव्हते. आधीचे दोन्ही सामने जपान ०-१ ने हरला होता. क्रोएशियाविरुद्ध तर गोनने समोर फक्त गोलरक्षक असताना संधी घालवली होती. ७४व्या मिनिटाला डावीकडून सोमाचा क्रॉस आला, लोपेसने तो डोक्याने मागे वळवला आणि गोनने मांडीने आत लोटला. दिसायला अगदी ओबडधोबड, पण विश्वचषकातला जपानचा तो पहिला गोल. त्याच सामन्यात त्याच्या उजव्या पोटरीतले बारीक हाड मोडले. तरीही शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तो मैदानात राहिला. डॉक्टर या नात्याने तुझी वहिनी याला शुद्ध वेडेपणा म्हणते आणि तिचे बरोबरच आहे. पण आधीचे ते दोन बाक ठाऊक असल्यावर मला त्याला बोल लावता येत नाही.

१५७ गोलांनंतरही इवाताने २००९ साली त्याला निरोप दिला, तेव्हा तो थेट उत्तरेला साप्पोरोला गेला. २०१२च्या डिसेंबरात, वयाच्या ४५व्या वर्षी, त्याने ‘आघाडीवरून मागे सरतो’ एवढेच जाहीर केले. ‘निवृत्ती’ हा शब्द कटाक्षाने टाळला. २०१५ साली ४७ वर्षांच्या या गृहस्थाने नुमाझूच्या छोट्या संघाशी पुन्हा खेळाडू म्हणून करार केला! पुढे २०२३मध्ये त्याच संघाचा तो प्रशिक्षक झाला आणि दुसऱ्यांना कधी बाहेर घ्यायचे, हे ठरवायची पाळी त्याच्यावर आली.

मे महिन्यात सुट्टी काढून ये. इवाताचे मैदान दाखवतो. पायऱ्या फार नाहीत, तुझ्या गुडघ्याला झेपतील. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मिलिंद