केबल घेताना आत तांबं आहे का बघा

संपादक महोदय,

घरी ३०० एमबीपीएसचं इंटरनेट कनेक्शन घेतलं पण लॅपटॉपवर स्पीड ९५ च्या वर जाईचना, राउटर बदलला, तक्रारी केल्या, शेवटी मुलाने इंटरनेटच्या (लॅन) केबलची तार ब्लेडने खरवडली तर वर नुसता तांब्याचा मुलामा अन् आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम, आठातली एक तार वाकून तुटलेली, म्हणून जोडणी १०० एमबीपीएसवर अडकलेली. दुकानदाराने कॅट ६ (कॅट म्हणजे केबलची श्रेणी) म्हणून विकली होती हो! खरं तर घराला अस्सल तांब्याची कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस (म्हणजे १००० एमबीपीएस) देते. १० जीबीपीएस हवं असेल तर कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंतच, पुढे कॅट ६ए लागते. कॅमेऱ्याला केबलमधूनच वीज द्यायची असेल तर अ‍ॅल्युमिनियमवाली अजिबात नको, जास्त तापते. दुकानदारांनी बिलावर तांबं की अ‍ॅल्युमिनियम हे लिहूनच द्यावं.

– एक वाचक, सांगली