सोन्याच्या राखणीचा खर्च आधी मोजा

मा. संपादक,

कापूस-सोयाबीनच्या पैशातून म्हातारपणासाठी सोने घेणारे भाव विचारतात. सांभाळायला वर्षाला किती लागतील, हे कोणी विचारत नाही.

५ लाखांचे सोने धरा. लॉकरचे भाडे १,५०० असेल तर १८ टक्के जीएसटीसह १,७७० रुपये. स्वस्त वाटते, पण आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच, म्हणजे दीड लाख. पुरात किंवा वीज पडून गेले, आणि बँकेची हयगय नसेल, तर तेही नाही. शिवाय दागिन्यावर १० टक्के घडणावळ दिली असेल, तर मोडताना ते ५० हजार परत येत नाहीत. २० वर्षांत वाटले तर वर्षाला अडीच हजार!

गोल्ड ईटीएफ म्हणजे शेअरसारखी घेता-विकता येणारी सोन्याच्या फंडाची युनिट्स. त्याचा खर्च अर्धा टक्का असेल तर ५ लाखांवर वर्षाला २,५०० रुपये. तो रोज एनएव्हीतूनच (युनिटच्या मूल्यातूनच) वळता होतो, म्हणून पासबुकात दिसत नाही. ही युनिट्स ज्या खात्यात राहतात त्या डीमॅटचे शुल्क वेगळे. मूलभूत सेवा डीमॅट खात्यात ४ लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीला वार्षिक शुल्क नाही, ४ ते १० लाखांना १०० रुपये अधिक जीएसटी. मात्र ही सवलत तुमच्या नावावर एकच डीमॅट असेल तरच.

मोबाइलवरच्या डिजिटल सोन्यावर सेबीचे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे) नियंत्रण नाही. तिथे निवृत्तीची पुंजी ठेवूच नये.

आणि लॉकर असो की डीमॅट, वारसाचे नामनिर्देशन आजच करा. ते राहिले की घरच्यांना तालुक्याला खेटे घालावे लागतात.

— एक वाचक, जि. यवतमाळ